रोहिदासच्या दारातली काठी

आमच्या गावात जंगलाची राखण काठीने चालते. पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगराला लागून आमची चौदा घरं. जंगल सरकारचं. पण डोंगर उघडा पडला आणि विहिरी आटल्या तेव्हा गावानेच ठरवलं, रोज एका घरातल्या माणसाने दिवसभर जंगलात राहायचं. याचा कोणाला पगार नाही. धामण झाडाच्या लाकडाची एक काठी आहे. संध्याकाळी परत आलं की ती शेजारच्या दाराला टेकवून ठेवायची. सकाळी काठी ज्याच्या दारात, त्याची त्या दिवशीची पाळी.

उन्हाळ्यात मोठं काम म्हणजे जाळरेषा झाडायची. जंगलातून बैलगाडी जाईल एवढा पट्टा मोकळा केलेला असतो. त्यावर पाला नसला की वणवा तिथे येऊन थांबतो. सागाची पानं रोज गळतात, म्हणून रोज झाडावं लागतं.

आधी झिपरूचं घर, मग माझं, मग रोहिदासचं. रोहिदासच्या घराला दोन वर्षं कुलूप आहे. बंद घराची पाळी सोडून देतात. मी माझी पाळी करून काठी त्याच्या पुढच्या घरी नेते.

यंदा होळीच्या आधी एका सकाळी मी दार उघडलं तर काठी नव्हती. ती रोहिदासच्या दारात उभी होती.

झिपरू ओट्यावर बसून दात घासत होता.

"काय रे झिपरू, काठी तठे कशी?"

"मी तुनाच दारमा ठेयेल व्हती, भुरी अक्का."

"मंग काय चालत गयी?"

"तुले भ्यायनी व्हई," तो म्हणाला आणि थुंकला. "बठ्ठं गाव भ्यास तुले. काठीनं काय?"

गावाच्या जंगल समितीचे अध्यक्ष मंगा नाना बैल घेऊन चालले होते, तेही थांबले. "झिपरू, सांजले जास्त घेऊ नको. मरेल माणूसले पाळी लावस का तू?"

दोघे हसले. मी काठी उचलली आणि निघाले. काठीचं खालचं टोक काळं झालं होतं. चिमटीत धरलं तर बोटाला काजळी लागली.

रोहिदास मेला तो दिवस माझ्या पाळीचा होता. हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं.

मोहाची फुलं पहाटे गळतात. पाल्यात पडली की शोधत बसावं लागतं, म्हणून काही बाया झाडाखालचा पाला जाळून टाकतात. काळ्या जमिनीवर फुलं लांबून दिसतात. गावाने याला बंदी घातली होती, आणि तो बंदीचा कागद मीच सभेत वाचून दाखवला होता. तरी त्या पहाटे मी माझ्या मोहाखाली पाला पेटवला. विझला असं वाटलं. तीन दगड भोवती लावले आणि घरी आले. पिंपळनेरला बाजार होता. रोहिदासला म्हटलं, भाऊ, आज माझी पाळी तू कर, उद्या तुझी मी करते. तो काठी घेऊन गेला. दुपारी डोंगर पेटला.

तो जाळरेषेवर सापडला. हातात झाडणी होती.

काठी त्याच्याकडे होती, म्हणून पाळी त्याचीच असं सगळ्यांनी धरलं. आदल्या संध्याकाळी काठी कोणाच्या दारात ठेवली, ते झिपरूला प्यायल्यामुळे आठवत नव्हतं. तो विडी ओढायचा, म्हणून आग विडीची असंही धरलं. मी पन्नाशी उलटल्यावर अक्षरं शिकले, आणि समितीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. "आग रोहिदासच्या विडीमुळे लागली" हे वाक्य माझ्या हातचं आहे. त्याची बायको सुनिता महिनाभर गावाचं बोलणं ऐकत राहिली. मग घराला कुलूप लावून जळगावला, पिंप्राळ्यात भावाकडे निघून गेली.

यंदा काठी रोहिदासच्या दारात सापडली त्या दिवशी मी जंगलात पोहोचले तर जाळरेषा झाडलेली होती. एक पान नव्हतं. झाडणीचे फराटे ताजे होते, मातीवर ओळीने. मी चालत राहिले. फराटे रेषा सोडून माझ्या मोहापाशी गेले होते. झाडाखालचा पाला झाडून गोल जागा स्वच्छ केली होती, आणि त्या जागेत फुलं पडली होती. एकही उचललेली नव्हती. मोहाला अस्वल येतं, हरणं येतात, मुंग्या तर असतातच. तिथे मुंगीसुद्धा नव्हती. मी फुलांना हात न लावता परत आले.

तेरा दिवसांनी पाळी पुन्हा माझ्यावर आली. आदल्या संध्याकाळी मी झिपरूच्या हातातून काठी घेतली, घरात आणली, धान्याच्या कणगीमागे ठेवली आणि दाराला आतून कडी घातली.

सकाळी कडी तशीच होती. कणगीमागे काठी नव्हती. ती कुठे असेल ते बघायला मला बाहेर जायची गरज नव्हती, तरी गेले.

ऊन वर आलं तेव्हा मी जाळरेषेवर होते. पुढे कोणीतरी झाडत होतं. खर्र, खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र. सागाच्या वाळक्या पानांचा आवाज मोठा असतो, चुकायचा नाही. मी वळणापर्यंत गेले की आवाज पुढच्या वळणामागे जायचा. मी थांबले की तोही थांबायचा. पाखरू बोलत नव्हतं. अशी मी मोहापर्यंत गेले.

झाडाखाली टोपलीएवढी राख होती. भोवती तीन दगड. मी लावले होते तसेच, एक मोठा आणि दोन लहान. राखेवर हात धरला तर ती गरम होती.

"पाळी माझी होती," मी म्हटलं. "आग मी लावली. तुझी विडी नव्हती, रोहिदास."

आवाज बंद झाला. मला वाटलं, संपलं. मी घाम पुसला आणि दगडावर बसले.

मग झाडणं पुन्हा सुरू झालं. या वेळी माझ्या पाठीमागून, गावाच्या बाजूने.

घरी जायची वाट तीच होती. जंगलाला सांगून भागणार नव्हतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. मी उठले आणि आवाजाच्या मागे चालू लागले. तो जवळ येऊ देत नव्हता आणि लांबही जात नव्हता. जंगल संपलं, शेतं आली, तिथे पाला नव्हता, तरी तो चालूच होता. शेवटचा खर्र मी रोहिदासच्या अंगणात ऐकला.

मी घरी न जाता मंगा नानांकडे गेले.

ते जेवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. "दोन वरीस," ते म्हणाले. "दोन वरीस तू त्याना घरना समोरथीन पाणी भरी राहिनी."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर सभा भरली. मी जुन्या कागदातलं ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, "आग भुरीबाईने लावली. पाळी तिची होती." मोठ्याने वाचून दाखवलं. सभेने ठरवलं, माझी पाळी कायमची बंद. काठी माझ्या दारात ठेवायची नाही. आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही. ज्या घरी काठी जात नाही, त्या घराला गाव विचारत नाही.

मंगा नानांनी सुनिताला फोन केला. तिसऱ्या दिवशी ती एसटीने आली. सरळ आपल्या दाराशी गेली. कुलूप काढताना किल्ली फिरेना, झिपरूने तेल घातलं. दार उघडलं तेव्हा मी अंगणाच्या कडेला उभी होते. आत दोन वर्षांची धूळ, कोळ्याची जाळी. दारामागे रोहिदासची झाडणी टेकलेली होती, ती सुनिताने बाहेर आणली. काड्यांमध्ये सागाचा चुरा अडकला होता आणि एक मोहाचं फूल होतं. फूल ओलं होतं.

सुनिताने ते काढलं, हातात धरून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "मोह संपेपर्यंत मी आठेच ऱ्हासू," ती मंगा नानांना म्हणाली. "आमनी पाळी सुरू करा."

पाळी फिरत फिरत झिपरूपर्यंत आली. संध्याकाळी तो काठी घेऊन माझ्या अंगणातून गेला, मान खाली घालून. मी चुलीपाशी बसून बघितलं. काठी त्याने सुनिताच्या दाराला टेकवली, दोनदा हलवून नीट उभी राहते का बघितली आणि गेला.

सकाळी मी पाण्याला जायला दार उघडलं. काठी माझ्या दाराला टेकलेली होती. खालचं टोक स्वच्छ होतं, धुऊन ठेवल्यासारखं.

सुनिता तिच्या ओट्यावर उभी होती. तिने काठीकडे बघितलं. काठी तिने आणून ठेवली का, हे मी विचारलं नाही, आणि तिनेही झिपरूला हाक मारली नाही.

"ऊन व्हयनं," ती म्हणाली. "जाय लवकर."

मी हंडा खाली ठेवला. काठी घेतली आणि जंगलाची वाट धरली. रेषेवर रात्रीत गळलेला पाला पडला होता. मी डहाळ्या तोडून झाडणी बांधली आणि झाडायला लागले. पहिल्या वळणावर दम घ्यायला थांबले. पुढे कोणी झाडत नव्हतं.

मागून विडीचा वास आला. मी झाडून आलेल्या रेषेवर कोणीतरी चालत येत होतं.