लॉर्डसाहेबांचं अर्धं भाषण

चंद्रकांतांनी पांढरा विग डोक्यावर चढवला आणि लाल मखमली कोटाची बटणं लावली. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या बंदराजवळच्या एका जुन्या दगडी घराचं आता म्युझियम झालं होतं. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून येऊन तिथे राहून गेलेल्या लॉर्ड थॉर्नवेलची गोष्ट दर रविवारी दुपारी पाहुण्यांना सांगितली जायची. आधी ती वीणा, त्यांची बायको, सांगायची. वीणाला जाऊन आज तिथीने वर्ष झालं होतं. आता ते सांगत.

"चंदूभाऊ, विग वाकडा बसलाय," प्रभाताई म्हणाल्या. म्युझियमचं सगळं त्याच बघायच्या. "लॉर्ड कमी आणि वरातीतला बँडवाला जास्त दिसताय."

"वीणा असती तर तिने सरळ केला असता."

"आणा इकडे." त्यांनी तो सरळ केला.

वीस-पंचवीस पाहुणे बसले होते. चंद्रकांत इंग्रजीत बोलू लागले. थॉर्नवेलचा बाप मोठा जहागीरदार. तिथली मतं बापाच्या मुठीत, त्यामुळे मिसरूड फुटतं न फुटतं तोच पोरगा लंडनच्या पार्लमेंटात जाऊन बसला. बोलायला पक्का. राजाची मर्जी बसली, व्यापारखात्याचा मंत्री झाला. हॅरिएटशी लग्न केलं, पण घरी फक्त कपडे बदलायला जायचा.

बाहेर अंधारून आलं. प्रभाताईंनी शेल्फवरच्या मेणबत्त्यांची बटणं दाबली. एक पाहुणी जवळ जाऊन बघायला लागली.

"बॅटरीच्या आहेत," प्रभाताई हसून म्हणाल्या. "लाकडी जमिनीच्या घरात खरी ज्योत कोण ठेवील?"

चंद्रकांतांना एकदम घर आठवलं.

सकाळी त्यांनी वीणाच्या फोटोपुढे समई लावली होती. खिडकीपाशी, पडद्याजवळ. उदबत्त्याही लावल्या होत्या. धुराने छतावरचा अलार्म कोकलू नये म्हणून त्यावर अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवली होती. वीणा फोडणीच्या वेळी तेच करायची आणि गॅस बंद केला की टोपी काढायची. त्यांनी काढली नव्हती. समई शांत केल्याचंही आठवत नव्हतं.

आणि खाली बेसमेंटमध्ये जाई झोपली होती. त्यांची एकुलती एक मुलगी. हॉस्पिटलमधली नाईट करून आलेली, कानात बोळे, फोन बंद. घर सगळं लाकडाचं.

तोंड मात्र बोलतच होतं. हॅरिएट तापाने आजारी पडली. त्याच रात्री पार्लमेंटात अमेरिकेतल्या करांवर वाद होता. थॉर्नवेल बोलायला उभा राहिला. घरून नोकर बोलवायला आला. तो पुन्हा आला. थॉर्नवेल म्हणाला, एवढं बोलून येतो.

हीटरच्या वाऱ्याने तो पडदा कायम हलतो, हे चंद्रकांतांना आठवलं.

"मग तो घरी गेला का?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही. भाषण पूर्ण केलं. टाळ्या पडल्या. घरी पोचला तेव्हा…"

ते थांबले. लोक वाट बघत होते.

"प्रभाताई," ते मराठीत म्हणाले, "गाडी काढा. घरी दिवा तसाच राहिलाय. जाई खाली झोपलीय आणि अलार्मवर टोपी आहे."

प्रभाताईंनी किल्ल्या उचलल्या.

गाडीत चंद्रकांत जाईला फोन लावत राहिले. प्रत्येक वेळी तेच रेकॉर्डिंग. डोक्यावरचा विग काढायचंही सुचलं नव्हतं. एका वळणावर गाडी बर्फावरून घसरली.

"फायर ब्रिगेडला लावा ना!" प्रभाताई ओरडल्या. चंद्रकांतांनी फोन लावला. बोलताना स्वतःचा पत्ता दोनदा चुकला.

गल्लीत वळल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"घर आहे," प्रभाताई म्हणाल्या. "चंदूभाऊ, उघडा डोळे. घर आहे."

दार उघडताच जळका वास आला. समई विझली होती. पडद्याची खालची कड काळी पडून गोळा झाली होती, भिंतीवर काजळीचा पट्टा चढला होता. आग तिथेच आपोआप विझली होती. पण धूर जिन्याने खाली किती गेला, कोण सांगणार? तिथे काय दिसेल या भीतीने ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

"जाई!" ते ओरडले. पुन्हा हाक मारली. मग कठडा घट्ट धरून एकेक पायरी उतरले आणि तिचं दार ढकललं.

जाई पांघरुणात मुटकुळं करून झोपली होती. त्यांनी तिचा खांदा गदागदा हलवला. ती दचकून उठली, कानातले बोळे काढले.

"बाबा! व्हॉट द… हे काय घातलंय डोक्यावर?"

ते पलंगाच्या कडेवर बसले आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला. बाहेर फायर ब्रिगेडचा सायरन गल्लीत शिरला.

"काय झालं? तुमचा टॉक होता ना आज?"

"होता."

"मग लोक?"

"बसलेत तिथेच."

वरून प्रभाताईंनी विचारलं, "चंदूभाऊ, ठीक आहे ना पोरगी? लोकांना काय सांगू?"

"ठीक आहे," ते म्हणाले. जाईचा हात त्यांनी सोडला नाही. "पुढचं तुम्ही सांगा. मी येत नाही."