पाटावरची पांडुरी

दसऱ्याला घरातली हत्यारं पाटावर मांडली की उत्तरपूजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मधुकरचा नियम. त्या दिवशी चारकोपातल्या लिफ्ट बिघडल्या तर बिघडल्या. यंदा त्याच्या स्क्रू ड्रायव्हरशेजारी कोरा करकरीत स्टेथोस्कोप होता आणि त्याच्या मुलाला, शौनकला, सहा महिन्यांत पहिल्यांदा निवांत वाटत होतं. आज तरी कोणाला तपासायचं नव्हतं.

शौनक जॉर्जियाला डॉक्टर व्हायला गेला होता. दुसऱ्या वर्षी मुडदा बघून घेरी आली, त्याने कॉलेज सोडलं आणि उरलेली चार वर्षं घरमालकाकडून पांडुरी शिकला. पांडुरी म्हणजे तिथलं तंतुवाद्य. घरी सांगायचं राहून गेलं. तो परत येईपर्यंत वडिलांनी दारावर ‘डॉ.’ची पाटी चार स्क्रूंनी पक्की केली होती. तेव्हापासून तो शेजाऱ्यांना ‘पाणी भरपूर प्या’ सांगायचा. अजून कोणी मेलं नव्हतं.

अकराला शेजारच्या रत्नप्रभाकाकू भिंत धरत आल्या.

"शौनका, छातीवर कोण बसल्यासारखा वाटता. डावो हात पण जड झालो हा."

"काकू, आज हत्यारं पूजेत आहेत ना."

"माणसापुढे कसली पूजा?" मधुकरने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि स्टेथोस्कोप त्याच्या हातात दिला. नळीवरचं कुंकू शौनकच्या बोटांना लागलं. काकू घामाने डबडबल्या होत्या आणि तरी त्याच्याकडे बघून हसत होत्या. ‘पाणी भरपूर प्या’ त्याच्या ओठांपर्यंत आलं.

"बाबा, रिक्षा बोलवा. मी डॉक्टर नाही."

काकू आयसीयूत गेल्या. त्यांचा मुलगा नितेश तिथे थांबला. स्टेथोस्कोप रिक्षातच राहिला.

घरी येऊन मधुकर पाटासमोर बसला. "मग सहा वर्षं केलंस काय?"

शौनकने माळ्यावरून लुंगीत गुंडाळलेली पांडुरी काढली. मधुकरने ती उलटीपालटी केली.

"तारा तीनच?"

"तीनच असतात."

"सहा वर्षांत तीन."

"पहिली दोन कॉलेजात गेली, बाबा."

"पाटावर रिकामी जागा बरी दिसत नाही," म्हणत आईने मधुकरच्या हातातून पांडुरी घेतली, स्टेथोस्कोपच्या जागी ठेवली आणि हळदकुंकू लावलं. झालं, आता तिलाही हात लावायची सोय उरली नाही.

मधुकर दार उघडून पाटीकडे बघत राहिला. मग स्क्रू ड्रायव्हरकडे. "एका दिवसात नियम एकदाच मोडायचा," असं म्हणून तो परत येऊन बसला. नितेशचा फोन येत नव्हता.

तेवढ्यात दारात दुसऱ्या मजल्यावरचा धवल. "डॉक्टर आहेत का?"

"उत्तरपूजेपर्यंत आहेत," मधुकर म्हणाला. "पण तपासत नाहीत."