एकेचाळीस पांढरे खडे

केंद्र सरकारच्या कोर्टात मी एकतीस वर्षं कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर आमच्याकडच्या बायका गोधड्या शिवतात; मी जुने खटले उकरून काढते. आमच्या काउंटीच्या साप्ताहिकात दर गुरुवारी माझं अर्धं पान असतं. बँक लुटणारे दोघे भाऊ, टपालाची पिशवी पळवणारा पोस्टमास्तर, दारूच्या भट्ट्या, सगळं झालं लिहून. नियम एकच: कोर्टाच्या कागदांत आहे तेवढंच लिहायचं, पदरचं एक वाक्य घालायचं नाही.

वाचक मात्र खवचट. गेल्या वर्षी किराणा दुकानात कोणीतरी मागून म्हणालं, "डेल्फिया, गावातल्या सगळ्यांचे बाप झाले. आता तुझ्या बापाचा नंबर कधी?" दुकानात हशा पिकला. मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते बोलणं डोक्यातून जाईना.

माझे बाबा, बर्ल मेसर, १९७१ साली पकडले गेले आणि सहा महिने तुरुंगात राहून आले. गुन्हा काय, तर राष्ट्रीय उद्यानातून सँग खणून नेली. सँग म्हणजे जिनसेंग, औषधासाठी चढ्या भावाने विकली जाणारी मुळी. आमच्या डोंगरात तिला पूर्ण नावाने कोणी हाक मारत नाही. ज्या उतारावरून बाबांनी ती काढली तो उतार त्यांच्या आजोबांचा. सरकारने जमीन घेतली, उद्यान केलं, आणि आजोबांनी हाताने लावलेली सँग एका दिवसात सरकारची झाली. बाबा म्हणायचे, "आजोबाच्या ताटातलं खाल्लं तर चोरी होते का?" उद्यानाचा पहारा करणाऱ्या रेंजरच्या मते होत होती.

मला ते उद्यानाच्या हद्दीत कधी नेत नसत. हद्दीच्या अलीकडे आमचा एक तुकडा होता, तिथे शिकवायचे. सप्टेंबरातले ते शनिवार आजही जसेच्या तसे आठवतात. कागदात गुंडाळलेली बिस्किटं आणि सॉसेज, बरणीतली थंड कॉफी, सँगची पिवळी पडलेली पानं आणि मधोमध लाल फळांचा झुबका. बाबा अरुंद पात्याच्या कुदळीने मुळी अलगद काढायचे, एक तंतू तुटू द्यायचे नाहीत. मग ती लाल फळं त्याच खड्ड्यात, बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत खोल, दाबायचे. वर पालापाचोळा. आणि उताराच्या वरच्या अंगाला एक पांढरा खडा, म्हणजे पुढच्या वर्षी तिथे आपलाच पाय पडू नये. फळं परत लावायची रीत डोंगरात सगळ्यांचीच. खड्याची फक्त बाबांची. खड्डा उघडा टाकून निघून येणं त्यांना जमलंच नसतं, अगदी मागे रेंजर लागला असता तरी.

बाबांना पकडून कोणी दिलं, याबद्दल आमच्या घरात शंका नव्हती. शेजारच्या होबार्ट क्रिस्पने. बाबांना न्यायला आले त्याच्या दोन दिवस आधी रेंजरची हिरवी जीप त्याच्या अंगणात तासभर उभी होती. पुढे त्याला सरकारी साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. आई खटल्याला गेली नव्हती, घरी आम्ही चार पोरं होतो; पण तिला एवढंच पुरलं. तिला कोर्ट लागायचंच नाही, निकाल ती चुलीपाशी द्यायची.

होबार्टकाकांची मुलगी आयडेला माझी जिवाभावाची मैत्रीण. शाळेच्या बसमध्ये आमची जागा ठरलेली, तिच्या डब्यातला सफरचंदाचा थरांचा केक अर्धा माझा. आई शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या घराची पायरी चढलीस तर तंगडं मोडीन." दुसऱ्या दिवशी आयडेला बसमध्ये चढली आणि मी खिडकीबाहेर बघितलं. पुढची त्रेपन्न वर्षं मी खिडकीबाहेरच बघत होते. चर्चमध्ये, दुकानात, तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला दाराबाहेरूनसुद्धा.

सुटून आल्यावर बाबांनी कुदळ पुन्हा हातात घेतली नाही. मासेमारीचा नाद लागला. सप्टेंबर आला की खांद्यावर गळ टाकून सकाळी जायचे ते अंधार पडता पडता यायचे. मासा मात्र एकही नाही. आई टोमणा मारायची, "नदीत मासे आहेत का, का तुम्ही गळाला नुसतं पाणी दाखवून आणता?" बाबा हसायचे आणि बूट काढायचे. चौऱ्याण्णव साली ते गेले, त्यांच्यामागून आई.

मी खटल्याचे कागद मागवले. अटलांटाजवळच्या सरकारी संग्रहातून खोकं आलं, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा पुसून बसले. खरं सांगते, मला बाबांची आठवण ताजी करायची नव्हती. मला होबार्ट क्रिस्पचं नाव पांढऱ्यावर काळ्यात बघायचं होतं. आमचं बरोबर होतं, एवढं एकदा सिद्ध व्हायला हवं होतं.

त्याचं नाव एकतिसाव्या पानावर सापडलं.

प्रश्न: हे पांढरे खडे कोण ठेवतं?
उत्तर: डोंगरात खडे देव ठेवतो, साहेब.
प्रश्न: बर्ल मेसर तुमचा शेजारी आहे?
उत्तर: माझा दुसरा शेजारी तुमचं उद्यान आहे. त्या मानाने बर्ल पुष्कळ बरा.

न्यायाधीशांनी दोनदा तंबी दिली. तिसऱ्यांदा विचारल्यावर होबार्टकाका म्हणाले की आपल्याला ऐकू कमी येतं. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते आणि खिंडीपलीकडची कोल्ह्याची कुई त्यांना ऐकू यायची. सरकारी वकिलाने कंटाळून त्यांना जायला सांगितलं.

मी खुर्चीत मागे टेकले. मग कोण?

पुढच्या पानांवर रेंजरची साक्ष होती. त्याने उद्यानात एकेचाळीस बुजवलेले खड्डे मोजले होते. चोर खड्डे बुजवत नाहीत, म्हणून तो चक्रावला होता. प्रत्येक खड्ड्याच्या वरच्या अंगाला पांढरा खडा. वकिलाने विचारलं, आरोपीपर्यंत कसे पोचलात? त्याने सांगितलं, "वणव्यांबद्दल बोलायला शाळेत गेलो होतो. भिंतीवर मुलांचे निबंध लावलेले होते."

पुरावा क्रमांक चार. पिवळ्या पाकिटात घडी घातलेला वहीचा कागद. कोपऱ्यात बाईंनी चिकटवलेली सोनेरी चांदणी अजून चिकटून होती.

"माझे बाबा. डेल्फिया मेसर, इयत्ता पाचवी. माझे बाबा सँग काढतात आणि लगेच परत लावतात. फळं बोटाच्या एका पेराएवढी खोल लावतात. उताराच्या वरच्या बाजूला पांढरा खडा ठेवतात, खालच्या नाही. असा खडा दुसरं कोणीच ठेवत नाही. मोठी झाल्यावर मी पण ठेवणार."

माझंच अक्षर. ती चांदणी मिळाली त्या दिवशी मी घरापर्यंत पळत आले होते.

त्याखाली टंकलेल्या चार ओळी होत्या. सरकारी वकील म्हणाले, मुलीला साक्षीला बोलावू. आरोपी उभा राहिला. आरोपी म्हणाला, "पोरीला आणू नका. खड्डे माझे आहेत." आरोपीने गुन्हा कबूल केला.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले, हुंदके देऊन. बाबांना सगळं माहीत होतं. तेवीस वर्षं ते माझ्यासमोर जेवले, माझ्या लग्नात नाचले, आणि एका शब्दाने बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी थरांचा केक केला. तो दोन दिवस मुरावा लागतो, पण मला तेवढा धीर नव्हता. कोरडाच घेऊन क्रिस्पांच्या दारात गेले. आयडेलाने दार उघडलं, केस सगळे पांढरे, डोळे तेच. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"पायरी चढलीस. तंगडी शाबूत आहेत ना?"

मला हसू फुटलं आणि रडूही. होबार्टकाका मागच्या पडवीत गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसले होते. त्र्याण्णव वर्षांचे, आणि आता खरंच बहिरे.

"होबार्टकाका, ती मी होते."

"काय?"

"मी! निबंध मी लिहिला होता!"

"कोण आलंय म्हणते ही?"

"बाबांना मी पकडून दिलं!" मी इतक्या जोरात ओरडले की कुत्रा उठून उभा राहिला.

"ते माहीत आहे," काका म्हणाले. "ओरडतेस कशाला? कोर्टात निबंध वाचला तेव्हा मागच्या बाकावर बसलो होतो मी."

"मग बोलला का नाहीत? आमच्या आईने तुम्हाला काय काय शिव्या घातल्या!"

"चांगल्या घालायची. तिला कोणाचं तरी नाव हवं होतं गं. ते मिळेपर्यंत ती थांबणारी नव्हती. बर्ल मला म्हणाला, आता काय करू? मी म्हटलं, राहू दे माझंच. दहा वर्षांच्या पोरीपेक्षा माझी पाठ रुंद आहे."

आयडेला माझ्या शेजारी बसली. "बाबांनी मला त्याच वर्षी सांगितलं होतं. बसमध्ये तू खिडकीबाहेर बघायचीस ना, इतका राग यायचा! वाटायचं, सगळ्या बससमोर ओरडून सांगावं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाबांनी तुझ्या बाबांना शब्द दिला होता. मग मी पण दिला." तिने माझा हात ओढला. "चल, तुला काहीतरी दाखवायचंय."

पडवीच्या पुढे कोठार, कोठाराच्या बाजूने वर चढणारा, पडवीतूनही दिसणारा उतार. झाडांखाली पिवळी पानं, लाल झुबके, आणि एकेका रोपाच्या वर पांढरा खडा. पन्नास नाही, शंभर नाही. नजर पोचेल तिथपर्यंत खडे.

"तुझे बाबा," आयडेला म्हणाली. "दर सप्टेंबरात यायचे. गळ कोठाराला टेकवून ठेवायचे आणि दोघे दिवसभर इथे लावत बसायचे. तुम्हाला काय सांगायचे देव जाणे."

"मासे," मी म्हटलं. "मासे पकडायला जातो म्हणायचे."

आयडेला हसली.

"छापणार आहेस?" तिने विचारलं.

"निबंध छापणार, माझ्या नावासकट. काकांची साक्ष पण."

"आणि हे?"

"हे कोर्टाच्या कागदांत नाही." हा उतार साप्ताहिकात आला नाही, आणि आमची काउंटी कुठली ते इथेही मी सांगणार नाही.

तिने एका रोपाची फळं खुडून माझ्या तळहातावर ठेवली. मी गुडघ्यांवर बसले. बोट मातीत एका पेराएवढं रुतवलं, फळं दाबली, पाला ओढला. डोळ्यांत पाणी होतं, नीट दिसत नव्हतं. चाचपडत एक पांढरा खडा उचलून ठेवला.

मागून पडवीतून काकांचा आवाज आला.

"वरच्या अंगाला ठेव गं, खालच्या नाही! निबंधात तर बरोबर लिहिलं होतंस."