सगुणाबाईंचा न वाचलेला अर्ज

या, असे जवळ या. मागच्या मंडळींनीही थोडं पुढे सरकावं, कारण ही कथा मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. कीर्तनात बुवा राजांच्या आणि देवांच्या कथा सांगतात, आपण डोळे पुसतो, बुक्का लावून घरी जातो. आजची कथा एका बंद फायलीची आणि एका बंद ड्रॉवरची आहे. तिच्यात राक्षस शोधू नका, सापडणार नाही. सगळी भली माणसं आहेत, देवाला दिवा लावणारी, पाहुण्याला उपाशी न पाठवणारी. म्हणून तर ती ऐकायची.

सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, सप्टेंबरचा महिना. लंडनच्या स्टॅनमोर भागातलं जयंत सबनीसांचं घर. मंगळवारची सकाळ. स्वयंपाकघरात वैजयंती डबे भरत होती. जयंतरावांचा पोळीभाजीचा, त्यांची बायको सुमेधा हिचा उपासाचा, आणि त्यांच्या मुलीचा, मंजिरीचा, सँडविचचा.

"काकू, माझं पीई किट कुठे गेलं?" चौदा वर्षांची मंजिरी जिन्यावरून ओरडली.

"खेळाचे कपडे ना? रेडिएटरवर वाळतायत बघ."

"यू आर ॲन एंजल, काकू!"

वैजयंती हसली. वय छत्तीस. जयंतरावांच्या धाकट्या भावाची, डॉक्टर श्रीकांतची बायको. लग्न होऊन साताऱ्याहून थेट कार्डिफला आली, तिथल्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये पाच वर्षं संसार केला. चार वर्षांपूर्वी श्रीकांत वॉर्डातच छातीत कळ येऊन गेला. जयंतराव त्याच दिवशी कार्डिफला पोचले, सगळं निस्तरलं आणि भावजयीला आपल्या घरी घेऊन आले. "आजपासून हे तुझंच घर," म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. तिचा पासपोर्ट आणि इतर कागद त्यांनी "हरवायला नकोत" म्हणून आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. कुलूप लावलं. तेव्हापासून ते तिथेच होते.

या घरात तिला कोणी वाईट बोललं नाही. हळदीकुंकू असलं की सुमेधा लाडाने म्हणे, "तू आत वाटल्या डाळीचं बघ हं, तुझ्या हातासारखी कोणाला जमत नाही." बाहेर येऊ नकोस असं कधीच कोणी म्हटलं नाही. पण ये असंही कोणी म्हटलं नाही. बाहेर बायका हसत, बांगड्या वाजत, आणि ती आत कोथिंबीर निवडत उभी असे.

"वैजू," जयंतराव टाय सावरत म्हणाले, "आज तुझा कागदांचा दिवस ना? साडेतीनच्या आत परत ये. पोर एकटी नको घरात."

"हो भावजी. आणि तो कार्डिफचा फॉर्म... पासपोर्टची फोटोकॉपी जोडायची आहे त्याला."

"बघू," जयंतराव म्हणाले. "रविवारी बघू."

किती रविवार गेले होते याचा हिशेब तिने सोडून दिला होता.

हा कागदांचा दिवस म्हणजे काय, तेही सांगायला हवं. लंडनमधल्या एका जुन्या दफ्तरखान्यात हिंदुस्थानच्या इंग्रजी अमदानीतले कागद होते. सातारा जिल्ह्याच्या कचेरीतली, परदेशी जाण्याची परवानगी मागणाऱ्यांच्या अर्जांची पेटी तिथे उघडली होती, आणि तिच्यात मोडीत लिहिलेली पत्रं निघाली. मोडी वाचणारं कोणी मिळेना. वैजयंतीचे वडील साताऱ्याच्या कोर्टात मोडीवाचक होते. लेकीला त्यांनी पाटीवर मोडी गिरवून दिली होती. आठवड्याचे दोन दिवस ती तिथे जाऊ लागली. तिथल्या मुख्य बाई, मिस प्रिचर्ड, वेल्सच्या. त्यांनी हिचं काम पाहिलं आणि स्वतः होऊन सुचवलं, "कार्डिफच्या विद्यापीठात दफ्तरं सांभाळण्याचा एक वर्षाचा कोर्स आहे. तू अर्ज कर." तिने केला. जागा मिळाली. आता फॉर्म भरून, या देशात राहण्याचा शिक्का असलेलं पासपोर्टचं पान जोडून पाठवायचं एवढंच उरलं होतं.

त्या मंगळवारी तिच्यापुढे एकोणीसशे तेविसातली फाइल आली. अर्जदार सगुणाबाई, वय चोवीस, विधवा. मिशनच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकलेली. विलायतेतल्या एका प्रसूतिगृहाने तिला पुढच्या शिक्षणासाठी बोलावलं होतं. पहिला अर्ज कोणीतरी इंग्रजीत लिहून दिलेला. त्यावर साहेबाने शेरा मारला होता: 'कुटुंबप्रमुखाचे मत मागवावे.' मत आलं. सासऱ्यांचं, टाइप केलेलं, स्वच्छ इंग्रजीत: 'सुनेची बुद्धी अलीकडे ठिकाणावर नसते. तिला पाठवण्याची कुटुंबाची इच्छा नाही.' त्याखाली साहेबाचे दोनच शब्द होते. 'कार्यवाही नको.'

नकार नव्हे, बरं का मंडळी. नकार दिला असता तर तो कळवावा लागला असता. कार्यवाहीच नको.

मागे चार पत्रं होती. मोडीत, सगुणाबाईंच्या स्वतःच्या हातची. प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेलं, 'देशी भाषेतील पत्र. भाषांतर अनावश्यक. फायलीस जोडावे.' पासष्ट वर्षांत ती कोणीही वाचली नव्हती. वाचायला ही पहिली.

पहिलं पत्र दोन पानांचं. 'मेहेरबान साहेब यांचे सेवेशी, अर्जदार सगुणाबाई हिचा नम्र अर्ज ऐसा जे,' अशी रीतसर सुरुवात. किती बाळंतिणी सुटल्या, किती दगावल्या, आणखी शिकले तर किती वाचवीन, असं पोटतिडकीने लिहिलेलं. दुसरं एक पान. तिसरं अर्धं: 'घरी विचारावे तर म्हणतात सरकारास विचार. सरकारास विचारावे तर सरकार घरी विचारते. मी कोणास विचारावे?' चौथ्यात फक्त तीन ओळी होत्या.

'माझा अर्ज पोचला काय, इतके तरी कळवावे. नाही म्हटले तरी चालेल. नाही ऐकण्याचे बळ आहे. काहीच न ऐकण्याचे उरले नाही.'

वैजयंतीने चष्मा काढून ठेवला. वाचनालयात माणसं होती, पण खोल विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं तिला वाटलं, आणि विहिरीत आपल्याशिवाय आणखी एक बाई आहे, असंही. त्या दिवशी परतीच्या गाडीत ती स्टॅनमोरपर्यंत खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघत राहिली. साडेतीनच्या आत घरी पोचली. पोहे केले.

गुरुवारी मिस प्रिचर्डनी तिला बाजूला बोलावलं. बाईंचा चेहरा उतरला होता.

"कार्डिफहून हे आलंय. तुझ्या दिरांनी त्यांना पत्र लिहिलं. तू येणार नाहीस म्हणून."

"मी? मी तर तसं काही..."

"मला माहीत आहे. त्यांनाही शंका आली, कारण तुझी सही नव्हती. म्हणून ही प्रत पाठवली. बुधवारपर्यंत जागा राखून ठेवतील, त्यापुढे नाही."

वैजयंतीने वाचलं. ऑफिसच्या टाइपरायटरवर टाइप केलेलं, स्वच्छ इंग्रजी. 'श्रीमती वैजयंती सबनीस आमच्या आश्रयाला आहेत. पतिनिधनानंतर त्यांची मनःस्थिती नाजूक असते. त्यांना पाठवण्याची कुटुंबाची सध्या इच्छा नाही.'

मधली पासष्ट वर्षं कुठे गेली, सांगा बरं? इंग्रजांचं राज्य गेलं, जहाजांची विमानं झाली, साहेबाच्या गावात आपण घरं घेतली. आणि येताना सामानात हे एवढं वाक्य जसंच्या तसं बांधून आणलं.

रविवार उजाडला. रविवारी सकाळी जयंतरावांच्या बैठकीच्या खोलीत दरबार भरे. ते विम्याच्या ऑफिसात नोकरीला, पण इमिग्रेशनचे फॉर्म भरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणाची आई यायची असे, कोणाचा मेहुणा अडकलेला असे; सगळे त्यांच्याकडे येत, आणि ते एक पेनी न घेता तासन्‌तास खपत. त्या दिवशी हॅरोहून पद्माकर आला होता.

"जयंतराव, आईच्या अर्जाला सात महिने झाले हो. आई तिकडे रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून. ना हो, ना नाही. नुसता शुकशुकाट."

"अरे, उत्तर देणारच नाहीत ते! जुनी खोड आहे साहेबाची." जयंतरावांचा आवाज चढला. "नाही म्हणावं तर आपण अपील करू. म्हणून काही म्हणायचंच नाही. फाइल आपली लोणच्यासारखी मुरत ठेवायची. माणूस पलीकडे मरतोय, याला त्याचं काय?"

"मग करू काय?"

"लिही. मी सांगतो तसं लिही. हो म्हणा, नाहीतर कारणासकट लेखी नकार द्या. अरे, माणसाला तेवढा तरी हक्क आहे की नाही?"

वैजयंती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रे तिने खाली ठेवला.

"भावजी, मलाही द्या."

"काय? बिस्किटं का?" जयंतराव तंद्रीतच म्हणाले.

"लेखी नकार. कारणासकट."

पद्माकर गोंधळून दोघांकडे बघू लागला. "म्हणजे? वैजयंतीवहिनींची पण केस आहे का काही?"

"काही नाही रे. वैजू, हे आपण नंतर बोलू. आत जा."

"चार वर्षं नंतरच बोलतोय आपण." तिने पदराखालून कागद काढला. "हे पत्र तुम्ही कॉलेजला लिहिलंत. ज्यांचं काही जाणार नव्हतं त्यांना लिहिलंत. मला मात्र 'बघू' म्हणालात."

जयंतरावांनी कागद ओळखला. कान लाल झाले. "तुझ्या भल्यासाठीच लिहिलं. एकटी बाई कार्डिफात राहणार, कोणाच्या भरवशावर? श्रीकांत असता तर..."

"ते असते तर फॉर्म स्वतः पोस्टात टाकून आले असते."

"आणि लोक? सबनीसांनी भाऊ गेल्यावर त्याच्या बायकोला वाऱ्यावर सोडलं, असं म्हणतील लोक!"

"मग तसं लिहा." तिने पद्माकरसाठी काढलेल्या कागदांतला एक कोरा ओढून त्यांच्यापुढे ठेवला. "'लोक काय म्हणतील म्हणून मी माझ्या भावजयीचा पासपोर्ट तिला देत नाही.' खाली सही, तारीख. तो कागद घेऊन मी आत जाईन. डबे करीन, डाळ वाटीन, आणि पुन्हा कधी विचारणार नाही. पण लिहून द्या, भावजी. मला ऐकायचंय."

जयंतरावांनी पेन उचललं. त्या पेनाने त्यांनी निम्म्या हॅरोचे अर्ज भरले होते. वर तारीख घातली. 'मी' लिहिलं. आणि तिथे पेन अडलं. लिहायला अवघड काय होतं? अकरा शब्द. पण मनात असताना जे वाक्य काळजीसारखं दिसत होतं, ते कागदावर उतरू लागताच निराळंच दिसायला लागलं. पद्माकर कपात बघत होता. जयंतराव वाईट नव्हते, मंडळी. वाईट असते तर त्यांनी लिहून टाकलं असतं.

जिन्यावरून मंजिरी म्हणाली, "डॅड, जस्ट गिव्ह इट टू हर. तिचा आहे ना तो?"

मग कोपऱ्यात बसलेली सुमेधा उठली.

"किल्ली देवघरात आहे. बाळकृष्णाच्या मागे. आणते मी."

"सुमेधा!"

"सुमेधा काय? बसलायत पेन धरून. एक तर लिहा, नाहीतर द्या." आणि जाता जाता म्हणाली, "उद्यापासून डबे कोण करणार, ते मात्र तुम्ही बघा."

बुधवारच्या आत फॉर्म पोचला. ऑक्टोबरात वैजयंती एक सूटकेस घेऊन कार्डिफला गेली. जयंतराव स्टेशनवर आले नाहीत. वर्षभर फोनवरही आले नाहीत. मंजिरीच तेवढी रविवारी फोन करी आणि मोडक्यातोडक्या मराठीत शाळेतलं सांगे.

सुखाचा शेवट झाला म्हणावं, तर ते खोटं होईल. भाड्याची खोली उत्तरेकडची, थंड. ज्या हॉस्पिटलात श्रीकांत गेला त्याच्या भिंतीजवळून रोजची वाट. आठवडेच्या आठवडे मराठीचा शब्द कानावर पडत नसे, मग ती मीठ कमी पडलेल्या आमटीशीच बोले, "चूक माझीच हो." संक्रांत आली. एका वाटीत तिळगूळ केला आणि चार दिवस एकटीने खाल्ला. मोकळीक मिळाली म्हणजे सोबतही मिळते, असं कुठे लिहिलेलं नाही. पण ती परत फिरली नाही.

लंडन सोडण्यापूर्वी तिने सगुणाबाईंची चारही पत्रं बाळबोध लिपीत उतरवली, इंग्रजीत आणली आणि फायलीत लावली. त्या बाईचं पुढे काय झालं, हे तिने वर्षभर शोधलं. जहाजांवरच्या उतारूंच्या नोंदी पाहिल्या, दवाखान्यांच्या याद्या पाहिल्या, साताऱ्याला पत्रं घातली. कुठेही काही नाही. चौथ्या पत्रानंतर कोरं.

मंडळी, आरतीला उठण्याआधी एक मागणं आहे. देवापुढे हात जोडाल तेव्हा सगुणाबाईंची आठवण असू द्या. तिला उत्तर द्यायचं राहूनच गेलंय, आणि आता ते देता येणार नाही. पण तुमच्या घरात कोणी भावजय, कोणी आत्या, कोणी लेक दाराशी येऊन "एक विचारायचं होतं" म्हणेल, तेव्हा त्या बाईला आठवा, आणि हातातलं काम बाजूला ठेवून हिचं ऐकून घ्या.