पायपुसण्याखालची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे, आणि तीही न्हाणीघरातल्या कमोडखालची. हसलात ना? हसा. दिवाणखान्यातल्या फळ्यांचा तोरा वेगळा, त्यांच्यावर पाहुणे येऊन बसतात. माझ्या वाट्याला आयुष्यभर कमोडच आला. पण मला बसवणाऱ्या सुतारकाकांनी मला कधी कमी लेखलं नाही.

त्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, गुडघे दुखू लागले, रोज जिना उतरून खाली जाणं जमेना, तेव्हा काकांनी वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोलीला लागून, त्यांच्यासाठी हे न्हाणीघर बांधलं. मला आत नेताना माझं एक टोक काकांच्या हातात होतं, दुसरं काकूंच्या.

"धरलंस ना नीट?"

"धरलंय हो. तुम्ही आधी खिळे ठोका, बडबड मग करा."

माझ्यावर प्लास्टिकची जाड चादर चिकटवली, कमोड बसला, आणि मी अंधारात गेले. शेजारीण पाहायला आली, तिने नळाचं कौतुक केलं. माझी काही तक्रार नव्हती. बावीस वर्षं मी दोघांचं वजन पेललं.

मग कमोडच्या बुडाशी पाणी अडवणारं मेणाचं कडं झिजलं आणि थेंब थेंब पाणी माझ्यात मुरू लागलं. कोरडं लाकूड करकरतं, भिजलेलं गप्प बसतं. मला ओरडून सांगायचं होतं, पण माझा आवाजच गेला होता.

आधी काकूंच्या पायाला मऊ लागलं. बहिणीला त्या फोनवर म्हणाल्या, "यांना नाही सांगत मी. सांगितलं की लगेच करवत घेऊन बसतील. हात किती कापतात त्यांचे. आणि दुसऱ्या कुणाला बोलावलं तर आणखीच मनाला लावून घेतील." काकांच्या अडगळीतून त्यांनी प्लायचा एक तुकडा आणला, कमोडसमोर ठेवला आणि वर निळं पायपुसणं टाकलं.

पुढे कमोड हलू लागला. खाली लाकूड कुजलंय हे काकांना पहिल्या दिवशीच कळलं. पण मिस्त्री बोलवायचा तर आपल्याच्याने आता होत नाही, हे काकूंसमोर कबूल करावं लागणार होतं. काकू बाजारात गेल्या असताना त्यांनी कमोडखाली लाकडी पाचर ठोकली. "बसला गच्च," ते स्वतःशीच म्हणाले. कमोड हलायचा थांबला, तसा काकूंनाही धीर आला. पाणी मात्र मुरतच राहिलं. दोघं एकमेकांना जपत होती आणि मी खाली कुजत होते.

एका सकाळी काकू उठून उभ्या राहिल्या, प्लायचा तुकडा पायपुसण्यासकट बाजूला घसरला आणि मी खचले. त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, त्या आडव्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. "अहो," एवढंच त्या म्हणाल्या. दवाखान्यात नेलेल्या काकू परत आल्या नाहीत. मित्रांनो, मला त्यांचं पाऊल पाठ होतं. त्याच दिवशी मला ते पेललं नाही, हे दुःख माझ्या मनातून जात नाही.

महिन्याभराने दुरुस्तीला मिस्त्री आला. पायपुसणं उचलून म्हणाला, "काका, हा प्लाय कुणी ठेवला इथे?"

काकांनी तुकडा हातात घेतला. त्यावर त्यांच्याच पेन्सिलीची खूण होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे तिला माहीत होतं," ते म्हणाले.

"आणि ही पाचर?"

"ती मी ठोकली."

मिस्त्रीने मला उपटून बाहेर काढलं. खालच्या तुळईला जोड दिली, नवी फळी बसवली, नवं कडं घातलं. मग टाच आपटून म्हणाला, "आता दोघं एकदम उभे राहिलात तरी हलणार नाही."

"एकटाच आहे मी," काका म्हणाले.

मला अंगणात टाकलं होतं. संध्याकाळी काका मला आत न्यायला आले. वाकून त्यांनी माझं एक टोक उचललं आणि सवयीने दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तसेच उभे राहिले. मग मला हळूच खाली ठेवलं.

मित्रांनो, घरात पायाखाली कुठे मऊ लागलं, तर त्यावर पायपुसणं टाकू नका, पाचरही ठोकू नका. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी, जेवायला एकत्र बसाल तेव्हा, सांगून टाका. माझ्या घरात ते दोघांनाही माहीत होतं.