धाकू आगवाल्याचा भोंगा

बरोबर साडेपाचला भोंगा वाजला आणि खारशेतच्या खाडीकाठी जमलेली तीनचारशे माणसं एकदम गप्प झाली. पूं. पूं. पूंऽऽऽऽ. दोन आखूड, एक लांब. अडतीस वर्षं बंद असलेली भाताची गिरणी, बॉयलर गंजून चाळण झालेला, दाराला ग्रामपंचायतीचं कुलूप, आणि छपरावरचा पितळी भोंगा आपला आपण कोकलत होता!

"आला! धाकू आला!" कुणीतरी ओरडलं. बायकांनी पदर पसरले. एकानं नारळ फोडला, त्याचं पाणी माझ्या चपलांवर. तळा गावाहून टेम्पो भरून माणसं आली होती. दिवेआगरला निघालेले पर्यटकसुद्धा गाड्या थांबवून मोबाइल वर धरून उभे होते. कोपऱ्यात भज्यांची गाडी लागलेली. चमत्कार म्हटला की भजी आलीच.

गिरणीच्या ओट्यावर महाराज बसले होते. भोंगा पहिल्यांदा वाजला बुधवारी आणि महाराज हजर झाले गुरुवारी, इतकी त्यांची दिव्यदृष्टी तेज. भगवी कफनी, हातात घड्याळ, पुढ्यात माइक.

"भक्तहो, देह म्हणजे काय? बॉयलर! आत्मा म्हणजे काय? वाफ! आणि गुरू म्हणजे?" महाराजांनी दम घेतला. "गुरू म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यात इतक्या टाळ्या मला एकदाही मिळाल्या नाहीत.

आता हा धाकू कोण, ते सांगतो. धाकू गिरणीत आगवाला होता, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत तूस घालून वाफ धरणारा. त्या काळी प्रत्येक आगवाल्याची भोंगा वाजवण्याची आपली रीत असे. आवाजावरून गावाला कळायचं, आज पाळीवर कोण आहे. धाकूचा भोंगा त्याच्या बायकोसाठी असायचा. पाळी सुटली, मी निघालो, ताट वाढ. एके दिवशी वाफेचा नळ फुटला. धाकूनं आत शिरून भट्टीतलं पेटतं तूस बाहेर ओढलं, बॉयलर फुटायचा थांबला, बाहेर खळ्यात भात वाळवणाऱ्या बायका वाचल्या आणि धाकू भाजला. अलिबागच्या इस्पितळात नेताना वाटेतच गेला. त्यानंतर ती गिरणी पुन्हा पेटली नाही.

त्याची बायको आवडाबाई. आज बहात्तर वर्षांची. गिरणी पाडून तिथे रिसॉर्ट बांधायची टूम निघाली तेव्हा सगळ्यात आधी तीच उभी राहिली. मी गिरणीचा इतिहास गोळा करत होतो, पण माझ्यासारख्या नारळीच्या वाडीवाल्या पेन्शनर मास्तरचं कोण ऐकतो? ती मात्र ग्रामसभेत कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्या गिरनीनं आख्ख्या गावाला पोसलान. ती ऱ्हायल पायजे. पोरांना दाखवा आपलं बाप कसं राबत व्हतं. आनि दारावर माज्या घोवाचं नाव लावा." जानेवारीत ठराव एकमतानं झाला. मी एक पुस्तिका छापली, बत्तीस पानांची. गिरणीची चिमणी, जातं, भात आणणाऱ्या पडाव होड्या, माणसांच्या आठवणी. नवव्या पानावर धाकूचा भोंगा. सगळं आवडाबाईच्या तोंडून ऐकून लिहिलेलं.

तर बुधवारी भोंगा वाजला, तेव्हा मी वर बघितलं. वाफेचा भोंगा वाजला की पांढरा लोट उठतो, अगदी बारक्या पोरालाही दिसेल असा. इथे एक फुंकरभरही वाफ नव्हती. म्हणजे वाफ नाही, तर दाबलेली हवा. आणि हवा काही परलोकातून येत नाही, पंक्चरवाल्याकडे मिळते. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. अगदी पहिल्याच दिवशी.

आणि मी बोललो नाही.

का नाही बोललो? आता लपवून काय करू! गर्दी बघून मला आनंद झाला. पुस्तिकेच्या पाचशे प्रती माळ्यावर धूळ खात होत्या, गिरणीकडे कुत्रं फिरकत नव्हतं. आता तालुका लोटला होता. मी मनात म्हटलं, जमू दे. एकदा गावाचं श्रद्धास्थान झालं की पाडायची कुणाची छाती होणार आहे? सुजित ठेकेदार, ज्याच्याकडे पंचायतीची कामं असायची आणि रिसॉर्टचंही मिळणार होतं, तो शेजारी येऊन म्हणालाही, "यज्ञेश्वर सर, माणसं येत नाहीत म्हणून रडत होतात ना? घ्या, आली." मी हसलो. होय, हसलो.

शनिवारी महाराजांनी सूर बदलला. डोळे मिटून म्हणाले, "धाकूचा जीव चिमणीत अडकलाय. अडतीस वर्षं बिचारा बाहेर पडायला धडपडतोय. त्याला मोकळा करा! चिमणी पाडा, जागा रिकामी करा. चिमणी पडेल त्या दिवशी धाकू निरोपाचा भोंगा देईल आणि जाईल."

मग माझं डोकं ठिकाणावर आलं. रविवारी पुन्हा ग्रामसभा. मी उठून हवेचं, वाफेचं, लोट नसण्याचं सगळं घडाघडा सांगितलं. मागून आवाज आला, "मास्तर, चार दिवस कुठं व्हता? गर्दी तुमच्या गिरनीला येत व्हती तवर चमत्कार खरा, आनि चिमनी जायची म्हटल्यावर खोटा व्हय?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मग आवडाबाई उठली. कमरेवर हात नव्हता या वेळी. म्हणाली, "माजा मानूस कोंडलाय. मला गिरनी नको." तिनं हात वर केला आणि मागोमाग सगळ्या गावाचे हात वर झाले.

मंगळवारी दुपारी चिमणी पाडायचं मशीन आलं. सगळं गाव तिकडे धावलं. मी आवडाबाईच्या घरी गेलो. खरं तर भांडायला गेलो होतो. ती ओटीवर एकटी बसली होती, सुपात तांदूळ, पण हात निवडत नव्हते.

"बघायला नाही गेलीस?" मी विचारलं.

"न्हाय बघवत. पन त्याला सुटायला पायजे ना, मास्तर?" ती म्हणाली. मग सूप खाली ठेवून, "एक इचारू? तुमी शिकल्याले. त्यो उलटा का वाजवतो?"

"काय उलटा?"

"भोंगा. त्याचा भोंगा पयला लांब, मंग दोन आखूड. लांब म्हंजे पाली सुटली. दोन आखूड म्हंजे निंगालो, ताट वाढ. आता आधी आखूड वाजतान, मंग लांब. मी महाराजांना इचारलं. त्ये म्हनाले, मेलेल्या मानसाचं समदं उलटंच असतं. सराधाला जानवं उलटं घालत न्हाय का? त्यो तिकडून सरळ वाजवतो, आपल्याला हिकडं उलटं ऐकू येतं."

मी तिथेच गार पडलो. दोन आखूड, एक लांब हे मी कुठे वाचलं होतं? वाचलं नव्हतं, लिहिलं होतं. पुस्तिकेच्या नवव्या पानावर. आवडाबाईनं मला बरोबर सांगितलं होतं, मी घरी जाऊन उलट लिहिलं आणि तसंच छापलं. तिला वाचता येत नाही, म्हणून चूक तिच्या नजरेला पडली नाही. मला वाचता येतं, पण मीच लिहिलेलं म्हणून मला ती चूक वाटलीच नाही. परलोकातला धाकू माझी पुस्तिका वाचून भोंगा वाजवत होता!

तेवढ्यात खाडीकडून धाड्‌दिशी आवाज आला. जमीन हादरली. भांड्यांच्या फळीवरचा एक पेला खाली पडून गडगडत गेला. सत्तर फुटी चिमणी गेली होती.

"सुटला," आवडाबाई पुटपुटली आणि तिनं हात जोडले.

मी उठलो आणि धावत सुटलो. गिरणीच्या मागे, खाडीच्या बाजूला, तुसाची खोली आहे. तिथल्या खिडकीतून पूर्वी तूस पडावात टाकायचे. ओहोटी होती. गुडघाभर चिखल तुडवत मी खिडकीशी पोचलो आणि आत डोकावलो. महाराजांचा एक चाळिशीचा जाडजूड शिष्य हवेच्या टाकीला टेकून वडापाव खात बसला होता. टाकीपासून रबरी नळी भोंग्याच्या जुन्या नळाला जोडलेली. शेजारी माझी पुस्तिका, नववं पान उघडं, 'दोन आखूड, एक लांब' खाली लाल रेघ.

मला बघून तो समोरच्या दारानं पळाला आणि गर्दीत मिसळला. म्हणजे दाराचं कुलूप आधीच काढलेलं होतं. त्याची चावी ज्याच्याकडे असते, त्या सुजित ठेकेदारानं पुढे पोलिसांना सांगितलं, "मलापण फसवलं हो!"

बाहेर महाराजांचा आवाज चढला होता. "भक्तहो, शांत बसा! निरोपाची घटका भरत आली!" मला वाटलं, हीच वेळ. बोलून कुणी ऐकत नाही, आता वाजवूनच दाखवू. मी खिडकीतून आत शिरलो आणि टाकीचा कॉक फिरवला. एक लांब. मग दोन आखूड. धाकूच्या खऱ्या रीतीनं.

बाहेर एकच कल्ला झाला. मी नळी उपटून हातात घेतली आणि चिखलानं माखलेला दारातून ओट्यावर आलो. म्हणणार होतो, हा बघा तुमचा आत्मा. तोंड उघडलं आणि समोर आवडाबाई दिसली.

ती माझ्या मागोमाग आली होती. पडलेल्या विटांमधून वाट काढत, हात पुढे करून दाराकडे येत होती. तोंडावर असा उजेड मी जन्मात पाहिला नव्हता. "बरोबर वाजवलान!" ती ओरडत होती. "ह्या टायमाला बरोबर वाजवलान! माजाच हाय त्यो!"

मग तिनं मला बघितलं. माझ्या हातातली नळी बघितली. नळीतून अजून हवा फुसफुसत होती.

"तुमी व्हय," ती म्हणाली आणि तिथेच विटांवर खाली बसली.

पुढचं सगळं रीतसर झालं. लोकांनी टाकी पाहिली, पुस्तिका पाहिली, महाराजांच्या गाडीची काच फोडली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार नोंदवली. मशीन थांबलं. पण आता जपायचं काय? चिमणी गेली, चिमणीच्या बाजूची भिंत गेली, उरलाय तो बॉयलर आणि विटांचा ढीग.

दोन दिवसांनी मी आवडाबाईकडे माफी मागायला गेलो. ती म्हणाली, "इतके दिस मी त्याला समदं सांगत व्हते. पोरीचं लगीन झालं, नातवाला थळच्या खताच्या कारखान्यात नोकरी लागली, घर पक्कं बांधलं. अडतीस वर्सांचं सांगितलं. मी कुनाला सांगितलं, मास्तर?"

मी तिच्या ओटीवर खाली बसलो.

"तुमाला कवापासून म्हाईत व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. दार लावलं नाही, पण पुन्हा बाहेरही आली नाही.

अंधश्रद्धेवर व्याख्यानं द्यायचा मला आता अधिकार नाही. तरी एवढं सांगतो. अख्ख्या गावात नेमका प्रश्न विचारला तो एका अक्षरशून्य बाईनं. तिला थापेचं उत्तर मिळालं, कारण तिच्या बाजूनं दुसरा प्रश्न विचारायला कुणी उभं नव्हतं. तुमच्या शेजारी कुणी असं विचारत असेल, तर त्याच्या बाजूला उभे राहा. आणि खोटं आपल्या फायद्याचं असेल, तर ते पहिल्याच दिवशी, सगळ्यांत मोठ्यानं खोटं म्हणा. मी चार दिवस गप्प बसलो. तेवढ्यात गावाची चिमणी गेली आणि आवडाबाईचा नवरा दुसऱ्यांदा मेला.