नमुन्यातलं वाक्य

दोन लेकरांची आई असली, तरी वकीलबाईंच्या ऑफिसात तिला सगळे 'शिकाऊ'च म्हणत. दिवसा बाईंच्या हाताखाली काम, संध्याकाळी कायदा सहायकाचा वर्ग, आणि वर्गातले जडजड शब्द घरी भाजी चिरतानाही तोंडात. नवरा म्हणे, "आमटीत मीठ घातल्याचंही एक प्रतिज्ञापत्र करून ठेव." ती हसून सोडून द्यायची. पण ही नोकरी पक्की व्हावी, आपल्या हातून कुणाचं तरी भलं व्हावं, असं तिला मनापासून वाटे.

वकीलबाईंचा एक नियम होता. सही घेण्याआधी प्रतिज्ञापत्र माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारायचं, "हे तुमचंच म्हणणं ना?" उत्तर येईपर्यंत पुढे जायचं नाही. शिकाऊला हे जरा अतीच वाटे.

शिंपीमामाचं काम तिच्याकडे आलं. बहीण आणि मेहुणे दोघंही गेल्यापासून सहा वर्षांची भाची त्याच्याजवळ होती. आता मुलीच्या काकाने तिचा ताबा मागितला होता. काकाचं घर मोठं, मामाकडे दुकानामागची एक खोली.

"काय सांगू ताई," बोटांवरचा खडू पुसत मामा म्हणाला, "पोर रात्री दचकून उठते. मग मी मशीन चालवतो, रिकामीच. आवाज आला की झोपते."

शिकाऊने मान डोलावली, पण ते लिहिलं नाही. कोर्टात शिलाई मशीनचं काय काम? तिने एका जुन्या प्रतिज्ञापत्राचा नमुना काढला, नावं बदलली, चार भारदस्त वाक्यं चढवली. स्वतःवर बेहद्द खूश झाली.

"वाचून दाखवू?" तिने विचारलं खरं, पण पेन पुढे करतच. मामाला गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायची घाई होती.

"तुम्ही लिहिलंय ना ताई, मग झालं," म्हणत त्याने सही केली.

कोर्टात समोरच्या वकिलांनी तोच कागद हातात घेतला. "मुलीवर कधीही हात उगारलेला नाही, असं तुम्ही शपथेवर म्हटलंय. खरं आहे?"

मामा गोंधळला. "एकदा मारली, साहेब. सुईखाली बोट घालत होती. जीवच उडाला माझा. एक चापट दिली, मग मीच रडत बसलो."

"म्हणजे प्रतिज्ञापत्र खोटं!"

मागच्या बाकावर शिकाऊने आपल्याजवळची प्रत उघडून पाहिली. ते वाक्य नमुन्यातलं होतं, कुणा भलत्याच बापाचं. तिच्या नजरेतून सुटून तसंच राहिलं होतं. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं, आणि नोकरीही शाबूत राहिली असती. ती पुढे वाकली आणि वकीलबाईंच्या कानाशी सगळं सांगून मोकळी झाली. बाई उठल्या आणि त्यांनी जसंच्या तसं न्यायाधीशांना सांगितलं.

न्यायाधीशांनी सुधारलेलं प्रतिज्ञापत्र द्यायला सांगितलं. निकाल पुढच्या तारखेला. तोवर मुलगी काकाकडे राहील.

काका काही वाईट माणूस नव्हता. मुलीची पिशवी त्याने स्वतःच उचलली. मुलगी मात्र पार दारापर्यंत मागे वळून बघत गेली.

वकीलबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसते कोरे कागद शिकाऊच्या हातात दिले आणि जिन्याकडे बोट दाखवलं. मामा तिथे पायरीवर बसला होता.

"मी खरं बोललो म्हणून पोर गेली का, ताई?"

"नाही मामा. मी खोटं लिहिलं म्हणून." तिला रडू आवरेना. पदराने डोळे पुसून ती त्याच्या शेजारी बसली. "आता तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून येईल तेवढंच लिहीन."

"चापट लिहा," मामा म्हणाला. "आणि मशीनचं लिहा. त्या आवाजाशिवाय तिला झोप लागत नाही. आज तिकडे मशीन नाही हो."

तिने लिहिलं. मग मोठ्याने वाचायला लागली. चापटीच्या वाक्यापाशी थांबली, त्याने हो म्हटलं. मशीनच्या वाक्यापाशी पुन्हा थांबली.

"हे तुमचंच म्हणणं ना, मामा?"

मामाचा पाय पायरीवर मशीन चालवल्यासारखा हलत होता. शिकाऊ कागद धरून त्याच्या उत्तरासाठी थांबून राहिली.